उसाआधी आभाळ

तुळसाबाईंचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. शेळगावच्या त्या वीस गुंठ्यांतला ऊस नवऱ्यानं, ज्ञानूनं, स्वतःच्या हातानं लावलेला. तो कमरेला लागायच्या आधीच माणूस गेला. आज तोडणीची टोळी शेतात उतरली होती. ऊस तुटणार याचं दुःख नव्हतं, पण त्याआधी त्याचं चित्र व्हायलाच हवं होतं.

चित्रकार थेट इंग्लंडहून आलेला. आर्थर, मुलाचा, सुमितचा तिकडचा शेजारी. तीस वर्षं बस चालवली, चित्रकलेच्या शाळेची पायरी कधी चढला नाही. शेवटच्या थांब्यावर बस उभी करून पुठ्ठ्यावर डोंगर-कुरणं रंगवत त्यानं हात बसवला. आता तिकडं त्याच्या चित्रांना चांगलाच मान होता.

मान असेल, पण तास झाला तरी गडी नुसतं आभाळच रंगवत होता. बरं, त्यात बघायला ढगाचा ठिपकाही नव्हता. आणि इकडं कोयते सपासप चालून निम्मा ऊस आडवा झालेला.

“सुमित, इचार त्यास्नी, ऊस कवा काढणार?”

“आये, ते म्हणत्यात, सुरुवात आभाळापासनंच करायची. तिकडं ढग पळत्यात, जमीन कुठं जात न्हाय.”

“हितं जमीनच पळतीया म्हणावं.”

सुमितनं सांगितलं तसं आर्थरनं शेताकडं पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्यानं झटक्यात नवी फळी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा खालून सुरुवात केली. हिरवा रंग मात्र त्याच्या ओल्या कुरणांचाच पडला. तुळसाबाईंनी उसाची पात ओढून रंगाशेजारी धरली. त्यानं पिवळा घातला, आणखी घातला, आणि ऊस एकदम खरा दिसायला लागला. 

“सोपान, बांधाकडची कड शेवटी घे,” त्यांनी मुकादमाला ओरडून सांगितलं.

“घेतो मावशी, पर हात जरा झपाझपा चालवा म्हणावं त्यांना.”

आर्थरचा कुंचला भराभर चालला होता. टोळीतल्या बायकाही मोळ्या टाकून बघायला जमल्या. शेवटचा ऊस तुटला तेव्हा फळीवर आभाळाच्या जागी कोरं लाकूडच होतं.

तुळसाबाईंनी फळी जवळ घेतली. बांधाकडची सरी चित्रातही मधेच वाकडी गेली होती. त्यांनी तिथं बोट ठेवलं.

“सुमित, ट्रॅक्टरवर सरी काढताना तुझ्या बाबास्नी हितं तुझा फोन आला हुता.”