शेंदराखालचा इन्सुलेटर

मी एक जुना चिनीमातीचा इन्सुलेटर आहे, मित्रांनो. नाव इंग्रजी असलं तरी देह मातीचाच. पुस्तकात मला विद्युतरोधक म्हणतात. सध्या मुलुंडच्या एका चाळीत खिडकीच्या फळीवर बसलो आहे. अंगावर आडवी चीर आहे आणि पोटावरून एक काळी रेघ गेलेली आहे. फार बोलायची ताकद उरलेली नाही, पण माझी हकीकत दुसरं कोणी सांगणार नाही. म्हणून दमत दमत मीच सांगतो.

माझा जन्म सौराष्ट्रातल्या एका भट्टीत झाला. मळलेली माती, साचा, मग चकचकीत तपकिरी लेप आणि त्यानंतर ती भट्टी. भट्टीत जो तडकला तो उकिरड्यावर गेला, जो टिकला तो पेंढ्यात गुंडाळून खोक्यात बसला. आम्ही भावंडं खोक्यात खडखड करत मुंबईला आलो आणि मुलुंडच्या एका फाउंड्रीत उतरलो. साल एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचं. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. तिथे छताखाली एक मोठी क्रेन इकडून तिकडे फिरायची. तिला वीज मिळायची ती भिंतीच्या कडेने ताणलेल्या उघड्या तांब्याच्या तारांमधून. त्या तारांना धरून ठेवायचं काम आमचं.

काम ऐकायला सोपं वाटतं. तारेला घट्ट धरायचं, पण तारेतली वीज आपल्या अंगावरून खाली लोखंडात जाऊ द्यायची नाही. दिवसरात्र धरायचं आणि दिवसरात्र अडवायचं. सुट्टी नाही, बसणं नाही, पाठ टेकणं नाही. क्रेन अंगावरून गेली की तार थरथरायची आणि आमची हाडं खिळखिळी व्हायची. वरून कोळशाची भुकटी, लोखंडाची धूळ आणि भट्टीचा धूर. मुंबईच्या दमट हवेत हे सगळं अंगाला असं चिकटायचं की विचारू नका.

पण आम्हांला कुंडलिक होता. कुंडलिक हा कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. मूळचा जालन्याकडचा, राहायला वाकोल्याला, माणूस कमी बोलणारा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तो मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून खिशात टाकायचा आणि शिडी घेऊन एकेकाला पुसायचा. आधी ओलं फडकं, मग कोरडं. खाचांमध्ये बोट घालून पुसायचा, आई मुलाच्या कानामागे पुसते तसं. आठवडाभराचा शीण त्या एका फडक्यात उतरायचा. माझ्या आयुष्यातलं सुख एवढंच, आणि ते मला पुरेसं होतं.

मग माझ्या नशिबी कौतुक आलं, आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

आमची क्रेन चालवायचा गुणाजी. मालवणकडचा माणूस, बाप गिरणीत होता, हा फाउंड्रीत आला. क्रेनच्या केबिनमध्ये चढायची लोखंडी शिडी नेमकी माझ्या शेजारून जायची. एके सकाळी गुणाजी शिडीवर अर्ध्यात असताना माझ्या पलीकडे तार तुटली. तुटलेली तार सळसळत खाली आली, ती थेट त्याच्या अंगावरच पडायची. पण माझ्या गळ्यात ती पक्की बांधलेली होती. मी कळवळलो, माझ्या अंगाला चीर गेली, पण सोडलं नाही. तारेचं टोक गुणाजीच्या डोक्यावर हातभर अंतरावर लोंबकळत ठिणग्या उडवत राहिलं. कुंडलिकने धावत जाऊन मेन पाडला. मग गुणाजी खाली उतरला.

"माका ह्येनाच वाचयल्यान," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ह्यो साधो नाय. राखणदार आसा."

ठिणग्या थांबवल्या कुंडलिकने, हे गुणाजीच्या ध्यानातही आलं नाही. आता मी काही देव नव्हतो. तार कोणीतरी घट्ट बांधली होती, एवढंच. पण जीव वाचलेल्या माणसाला कोण समजावणार? त्या खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा पडल्या आणि मला नारळ फुटला. पुढे गुणाजीने तेलात कालवलेला शेंदूर आणला आणि कुंडलिककडून मेन पाडून घेऊन मला नखशिखांत माखलं. गावच्या देवाला चढवतात तसा, जाड थर. मी वरून खालपर्यंत लालभडक झालो. खालून लोक हात जोडायला लागले. खोटं कशाला बोलू, पहिले चार दिवस मलाही बरं वाटलं.

पुढच्या सुट्टीला कुंडलिक फडकं घेऊन माझ्यापाशी आला. त्याने फडकं भिजवलं, एवढ्यात खालून गुणाजी ओरडला, "रे कुंडलिका, ह्येका हात लावू नको! देवाक कोण फडक्यान पुसता?"

"अरे, तेल आहे ते. धूळ धरेल ना," कुंडलिक म्हणाला.

तिथे लवू उभा होता, साचे भरणारा. तो फटकन बोलला, "तुमका देव नको, म्हणान आमचो पण पुसतलंस काय?"

कुंडलिकच्या घरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी त्यावरून कोणी काही बोलत नसे. गुणाजी आणि तो तर एकाच डब्यातून जेवत. पण शब्द एकदा बाहेर पडला की पडलाच. कुंडलिकने फडकं पिळलं, मला सोडलं आणि शिडी पुढे सरकवली. मला त्याचा राग आला नाही. त्या जागी तुम्ही असता तरी तेच केलं असतं. पण त्या दिवसापासून माझ्या दोन्ही बाजूंची भावंडं आठवड्याला न्हाऊन चकचकीत व्हायची आणि मधे मी देव होऊन मळत बसायचो.

तेलकट शेंदरावर काय बसतं ते आता ऐका. कोळशाची भुकटी बसली. लोखंडाची बारीक धूळ बसली. दर सणाला गुणाजी वरून नवा थर द्यायचा, मग त्यावर पुन्हा धूळ. चिनीमातीतून वीज जात नाही, पण ह्या चिकट काळ्या थरातून ती मुंगीसारखी वाट काढत निघाली. आधी सकाळच्या दमट हवेत थोडीशी, मग रोज. मी जिवाच्या आकांताने अडवत होतो, पण ती माझ्यातून जातच नव्हती. ती माझ्या शेंदरावरून जात होती. तिथे माझं काय चालणार?

माझ्या भावंडांचे लोखंडी पाय तुळईवर बसवलेले होते. त्यांच्यावरून वीज गळली असती तर फ्यूज उडाला असता आणि सगळ्यांना कळलं असतं. माझ्या जागी तुळईला भोक पाडायचा कोणीतरी आळस केला म्हणून मला लाकडी ठोकळ्यावर बसवलं होतं. लाकूड वीज पुढे जाऊ देईना. त्यामुळे ती माझ्या लोखंडी पायापाशी येऊन निमूट थांबायची, कोणीतरी हात लावायची वाट बघत.

आणि गुणाजी रोज हात लावायचा. शिडी चढताना उजव्या हातातला कातडी मोजा काढून माझ्या पायाला बोटं टेकवायची आणि ती कपाळाला लावायची, ही त्याची रीत. ज्याला मी एकदा वाचवलं, तोच रोज सकाळी आपणहून माझ्या हातून मरायला येत होता. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, बाबा, नमस्कार नको, माझ्यापासून लांब राहा. त्या काळात मी जेवढा थकलो तेवढा उभ्या जन्मात थकलो नव्हतो.

शहाऐंशीचा पावसाळा होता. छप्पर गळत होतं, जमिनीवर पाणी साचलं होतं. चहाच्या सुट्टीत गुणाजी मोठ्या उत्साहात लवूला सांगत होता, "आज हात लावलंय तसो कोपरापर्यंत झिणझिणलंय बघ. देव जागृत झालो!"

लवूने बसल्या जागी हात जोडले. कुंडलिकच्या हातात चहाचा ग्लास होता.

"गुणाजी, कधीपासून झिणझिणतंय?" त्याने विचारलं.

"पंधरवडो झालो आसतलो. रोज वाढता."

कुंडलिकने गुणाजीच्या पायांकडे पाहिलं. रोज रबरी चप्पल घालणारा गुणाजी आज अनवाणी होता. सकाळी क्रेनवरून उतरताना चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती त्याने भिंतीला उभी करून ठेवली होती. पाय ओले, जमीन ओली, शिडी लोखंडाची. आणि भट्टीत लोखंड वितळून तयार होतं. फोरमन ओरडत होता, "क्रेन घ्या रे, क्रेन घ्या, माल गार होईल!" गुणाजी उठला आणि शिडीकडे निघाला.

कुंडलिकने ग्लास फेकला, धावत जाऊन शिडीच्या पहिल्या पायरीवर बसला.

"वर जायचं नाही."

"रे, येडो झालंस काय? ऊठ."

"झिणझिण्या म्हणजे देव नाही रे गुणाजी. करंट आहे. चप्पल होती म्हणून आजवर झिणझिण्यांवर भागलं."

लवू पुढे आला. "परत सुरू झालो ह्यो! तुका आमचो देव डोळ्यांत खुपता, दुसरा काय नाय."

मी वरून सगळं पाहत होतो. मला वाटलं, आता कुंडलिक उठेल, मागच्यासारखा गप्प बसून बाजूला होईल. तो उठला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. पण तो उठला नाही. त्याचा आवाज चढला.

"लवू, मागे तू बोललास आणि मी ऐकून घेतलं. चूक झाली माझी. हा मेला तर त्याच्या बायकोला काय सांगू, लवूला राग आला असता म्हणून गप्प बसलो?" मग तो गुणाजीकडे वळला. "मी नाही पुसत तुझा देव. हातही लावत नाही. फक्त एकदा बघ, आणि मग तुला वाटलं तर खुशाल वर जा."

त्याने रबरी हातमोजे घातले, दोन वायरींना जोडलेला बल्ब घेतला, वर आला. एक वायर माझ्या पायाला लावली, दुसरी लोखंडी तुळईला. बल्ब पेटला.

"बघा, बघा! देवाचा तेज!" लवू किंचाळला.

कोणीतरी हसलं, पण गुणाजी हसला नाही. तो पेटलेल्या बल्बकडे बघत राहिला, मग आपल्या ओल्या पायांकडे. त्याने उजव्या हाताची बोटं एकदा डाव्या हातात घट्ट धरली.

"मेन पाड," गुणाजी अखेर म्हणाला.

कुंडलिकने मेन पाडला, फ्यूज खिशात टाकले. गुणाजीने रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं घेतलं आणि स्वतः वर आला. माझ्यासमोर क्षणभर थांबला.

"रागाव नको हां," तो हळूच म्हणाला. "तुका आंघोळ घालतंय."

थरामागून थर निघाले. लाल, काळा, लाल, काळा. शेवटी माझं अंग उघडं पडलं आणि पोटावरची जळकी रेघ दिसली, वरच्या तारेपासून थेट खालच्या पायापर्यंत. गुणाजीने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि तो तिथेच शिडीला टेकला; त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. खाली उतरल्यावर त्याने कुंडलिकला विचारलं, "माका आधी कित्याक नाय सांगलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाय," गुणाजी म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाला, "आजपासून ह्या क्रेनवरचा काय पण पुसूचा तर कुंडलिक पुसतलो. मधे कोण आडवो इलो तर माझ्याशी गाठ आसा." लवू खाली मान घालून साच्यांकडे गेला. तो कुंडलिकशी त्या दिवशी बोलला नाही, पुढेही बरेच दिवस बोलला नाही. सगळं काही एका बल्बने उजळत नाही, मित्रांनो.

मी कामातून गेलो होतो. कुंडलिकने माझ्या जागी नवा इन्सुलेटर बसवला, तोही लोखंडी तुळईला नीट भोक पाडून. भट्टीतला थोडा माल त्या दिवशी वाया गेला, फोरमनने दोघांनाही शिव्या घातल्या. संध्याकाळी गुणाजी मला पिशवीत घालून घरी घेऊन आला. त्याची बायको वनमाला हिने सगळं ऐकलं, मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "देव्हाऱ्यात ठेवू मा?"

"थंय नको," गुणाजी घाईघाईने म्हणाला. "खिडकीत ठेव. नी अधूनमधून पुसत ऱ्हव."

तेव्हापासून मी इथे आहे. वनमाला आठवणीने पुसते, कधी विसरते. समोर वाळत घातलेले कपडे दिसतात. तार धरायची नाही, वीज अडवायची नाही. आराम आहे म्हणायचा, पण इतक्या वर्षांचा थकवा असा बसून जात नाही.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. गुणाजीने माझ्यावर वाईट प्रेम केलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्याने मला नारळ दिला, शेंदूर दिला, रोजचा नमस्कार दिला. एवढं सगळं देताना त्याने फक्त माझ्याकडे निरखून पाहिलं नाही. तुमच्या घरातही कोणी असेल, सगळ्यांचा भार धरून वर्षानुवर्षं निमूट उभं. त्याच्या पाया जरूर पडा. पण त्याआधी जवळ जाऊन बघा, त्याच्या अंगावर काय साचलं आहे ते. आणि पुसायला हात पुढे करणारा कोण आहे, कुठला आहे, हे विचारत बसू नका. त्याला शिडी धरा.