सीटखालची टाकी

अर्धी टाकी पेट्रोल असूनही लिऑनच्या चढावर आन्सेल्मची गाडी आचके देत बंद पडली. त्यानेच आखलेली गाडी: टाकी सीटखाली, पंप नाही, आणि चढावर इंजिन तिच्याही वर. पेट्रोल पोचणार कसं?

घटसर्पाने घुसमटलेली लेक बायकोच्या मांडीवर होती.

"टाकी उंचावर घ्या म्हणून गिऱ्हाइकं बोंबलत होती," ओनोरीन कडाडली. "तू काय म्हणालास?"

"चढावर गाडी उलटी चालवा."

"मग चालव ना आता!"

त्याने गाडी उताराकडे तोंड करून वळवली, इंजिन पुन्हा सुरू केलं आणि तो ती मागच्या गिअरमध्ये, गोगलगाईसारखी, दवाखान्याकडे चढवू लागला.

पोरीचं तोंड उताराकडे होतं. खाली त्यांचं घर दिसत होतं.

"बाबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घर लांब का चाललंय?"