भोपळ्याला पहिला सुरा

सिंगापुरात शरद ऋतू येत नाही. इथे उकडतं, मग कोसळतं, मग पुन्हा उकडतं, की झालं वर्ष. पण बुओना व्हिस्टाच्या त्या कॉन्डोच्या कमिटीने ऑक्टोबरातल्या शेवटच्या शुक्रवारी 'ऑटम इव्हिनिंग' करायचं ठरवलं होतं, आणि कमिटीपुढे ऋतूचं काय चालणार? तेव्हा नवव्या मजल्यावर मधुमतीबाई घामाने निथळत दाराच्या चौकटीला कागदाची लाल-पिवळी पानं चिकटवत होत्या. पंखा लावला की पानं उडत, बंद केला की चिकटपट्टी सुटे. पुण्याहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या बाईला हे एक काम मिळालं होतं, आणि पानांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती जेवणाच्या टेबलावर. तिथे वर्तमानपत्र अंथरून सहा किलोचा केशरी भोपळा बसवला होता. साडेसहाला कॉन्डोतली मुलं दारोदार फिरायला निघणार, आणि सुरुवात नातीच्या, जाईच्या, दारापासून. नऊ वर्षांची जाई जूनमध्ये शाळा बदलून आली होती. चार महिन्यांत तिला कुणी खेळायला हाक मारली नव्हती. मग तिनेच सगळ्यांना सांगून टाकलं, आमच्याकडे सगळ्यात मोठा भोपळा आहे, डोळे-नाक-तोंड कोरलेला, आत दिवा लावलेला. आता साडेचार वाजत आले होते आणि भोपळ्याला साधा ओरखडाही नव्हता.

"आजी, आय कॅन स्टार्ट, काय? प्लीज लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायची इथली सवय पोरीला लागली होती.

"बाबा येऊ दे."

"बाबाचं फ्लाइट डिलेड आहे! हाऊ मेनी टाइम्स!"

रुचिर, मधुमतीबाईंचा एकुलता एक मुलगा, कामासाठी टोकियोला गेला होता. तो सकाळीच यायचा होता आणि येऊन भोपळा कापायचा होता. ठरलंच होतं तसं. पण विमान सहा तास रखडलं. आता ते सव्वापाचला उतरणार होतं. सुनेचा, ऋताचा, ऑफिसातून फोन आला होता, "आई, तुम्ही दोघी कापून घ्या ना. मला मीटिंगमधून निघता येत नाहीये." मधुमतीबाई "हो हो, बघते" म्हणाल्या होत्या. खरं कारण त्यांनी सुनेला सांगितलं नाही.

खरं कारण असं, की अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिला सुरा लावायचा नाही. घरातल्या पुरुषाने एक घाव घालायचा, मग बाईने हव्या तितक्या फोडी कराव्यात. भोपळा म्हणजे घरचा कर्ता पुरुष, असं त्यांच्या सासूबाई म्हणत. तरुणपणी मधुमतीबाई याला हसत. बारा वर्षांपूर्वी त्यांचं हसू संपलं.

त्या दिवशी विनायकराव संध्याकाळी बागेत फिरायला गेले होते. घारग्यांसाठी भोपळा हवा होता आणि त्यांची वाट बघायचा मधुमतीबाईंना कंटाळा आला. त्यांनी सुरा घेतला आणि भोपळ्याचे दोन भाग केले. वीस मिनिटांनी फोन आला. विनायकराव बागेतल्या बाकावरून खाली कोसळले होते. हॉस्पिटलमधून दुसऱ्या दिवशी मधुमतीबाई घरी परतल्या, तेव्हा ओट्यावर भोपळ्याची ती दोन शकलं नव्हती. कुणी उचलली, कधी उचलली, कुणीच बोललं नाही. नणंदेने? शेजारणीने? बारा वर्षं त्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत आल्या होत्या. हिला माहीत असेल का? आणि बारा वर्षं पानात भोपळा आला की म्हणत, "मला पित्त होतं."

आणि आता मुलगा हवेत होता.

"थांब इथेच," त्या जाईला म्हणाल्या. "मी आलेच. सुऱ्याला हात लावायचा नाही."

घरचा नसला तर शेजारचा, पण हात पुरुषाचा हवा. समोरच्या फ्लॅटमध्ये अभय राहायचा, नागपूरचा, युनिव्हर्सिटीत रिसर्च करणारा. बेल वाजवली. दोनदा, तीनदा. दार बंदच. मधुमतीबाई लिफ्टने खाली गेल्या. गेटवर म्हातारा सिक्युरिटी गार्ड होता, रोज त्यांना मान डोलवून हसणारा. बाईंनी हातवारे केले, हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. पंपकिन. यू कट. वन कट ओन्ली.

"आँटी, युअर हाऊस नो नाइफ?"

"नाइफ हॅव. मॅन नॉट हॅव."

गार्डने डोक्यावरची टोपी मागे सारली. मग मान हलवून म्हणाला, "ऑन ड्यूटी, आँटी. कॅनॉट गो अप. यू ब्रिंग डाऊन, आय कट."

एवढं ऐकलं आणि बाईंच्या जिवात जीव आला. भाजीची ट्रॉली होतीच घरात. भोपळा तिच्यात घालायचा, खाली आणायचा, एक घाव, की सुटलो! बाहेर आभाळ काळंठिक्कर झालं होतं. लिफ्ट येईना. आठव्या मजल्यावर कुणीतरी सामान भरत होतं. मधुमतीबाई बटण दाबत राहिल्या.

त्यांनी दार उघडलं. जाई खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती. ऋताचा मोठा सुरा भोपळ्याच्या सालीत बोटभर रुतून बसला होता, आणि पोरगी दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून तो दाबत होती. साल दगडासारखी. सुरा एका बाजूला कलला होता. निसटला असता तर थेट मनगटावर.

"जाई! सोड!"

"नो! फाइव्ह ओ'क्लॉक झालेत! तू काहीच करत नाहीस! दे आर ऑल कमिंग अँड यू—" पोरीचा आवाज फाटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण हात सुऱ्यावरून निघेनात.

मधुमतीबाईंनी मागून तिचे दोन्ही हात धरले. एकेक बोट सोडवलं. सुरा तसाच रुतलेला. सालीतून पिवळसर रस ओघळला होता. म्हणजे पहिला घाव झाला होता. बाईने नव्हे, बाई व्हायलाही अजून वेळ असलेल्या पोरीने घातला होता.

खिडकीबाहेर वीज चमकली.

"बाबा कुठे आहे? बघ, बघ आधी."

जाईने डोळे पुसत टॅबलेट उघडला. नकाशावर एक छोटं पिवळं विमान होतं. ते समुद्रावर गोल फिरत होतं. एक फेरी, मग दुसरी.

"इट्स गोइंग राउंड," जाई म्हणाली. "का उतरत नाहीये?" मग तिने रुतलेल्या सुऱ्याकडे पाहिलं, आजीच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं. हुशार पोर. "आजी, मी काही केलं का? बिकॉज ऑफ मी?"

हा प्रश्न मधुमतीबाईंना ओळखीचा होता. बारा वर्षं तो त्यांच्याबरोबर उठत होता, बसत होता, जेवत होता. आता तो या नऊ वर्षांच्या पोरीच्या मानगुटीवर चढायला बघत होता. बाईंना भयंकर राग आला. भोपळ्याचा, सासूबाईंचा, त्या विमानाचा, सगळ्यांचा.

त्यांनी जाईला खुर्चीवरून खाली उतरवलं. पदर खोचला. सुरा उपसला, भोपळा फिरवला, आणि जिथे जाईने खूणही केली नव्हती तिथे, देठाजवळ, पुन्हा घातला. मग तळव्याने पात्यावर दाबत दाबत गोल फिरवला. साल करकरली. देठासकट झाकण वर आलं.

"हे बघ माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "भोपळा मी कापला. तू नाही. कुणीही विचारलं, कधीही विचारलं, तरी आजीने कापला. समजलं?"

"पण मीच आधी—"

"तू नुसता ओरखडा काढलास. मी कापला."

मग दोघी बसल्या. जाई चमच्याने बिया काढत होती आणि मधुमतीबाई टॅबलेटकडे बघत होत्या. बाहेर पाऊस कोसळत होता. विमान तिसरी फेरी घेत होतं. मग चौथी. जाईने कागदावर डोळे काढले, नाक काढलं. बाईंनी दोन डोळे कोरले. काय कोरलं ते त्यांना दिसलंही नाही. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. पाच चाळीसला पिवळं विमान नकाशावरून गायब झालं.

"गेलं," जाई म्हणाली. "आजी, ते दिसत नाहीये."

मधुमतीबाईंच्या हातातला सुरा टेबलावर पडला. दहा मिनिटं गेली. जाई त्यांच्या पदराला धरून उभी राहिली.

फोन वाजला.

"आई? उतरलो बाबा एकदाचा. काय पाऊस! भोपळ्याचं काय झालं? राहिलाय ना माझ्यासाठी?"

मधुमतीबाईंना रडू कोसळलं. बोलायचं होतं एक आणि तोंडातून निघालं बारा वर्षांचं. "रुचिर, मी कापला. आत्ताही मीच कापला. आणि तेव्हाही. बाबा गेले त्या दिवशी भोपळा मीच कापला होता रे."

पलीकडे विमानतळाची घोषणा ऐकू येत होती.

"मला माहितीये आई," रुचिर म्हणाला. "त्या रात्री हॉस्पिटलमधून तुझी शाल न्यायला मी घरी आलो होतो ना. ओट्यावर दिसला. म्हटलं, आत्या येईल, बघेल, तुला काहीबाही बोलेल. पिशवीत घातला आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून आलो."

"तू?"

"हो."

"आणि मला बोलला नाहीस? बारा वर्षं?"

"मला वाटलं, तू विसरली असशील. मी कशाला आठवण करून देऊ?" तो गर्दीतून बाजूला झाला असावा, मागचा गोंगाट कमी झाला. "आई, डॉक्टर तेव्हाच मला म्हणाले होते, बाबांच्या छातीत सकाळपासून दुखत होतं. बाबांनी आपल्याला सांगितलं नाही. भोपळा तू संध्याकाळी कापलास."

सकाळपासून. आणि मधुमतीबाई बारा वर्षं त्या संध्याकाळचा हिशोब मांडत बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं. भोपळा दोन वाकड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता. एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट झाला होता.

"आजी," जाईने हळूच पदर ओढला. "सहा वाजले. तोंड राहिलंय."

"ये तू सावकाश," मधुमतीबाई फोनवर म्हणाल्या. "इथे आमचं काम चाललंय." त्यांनी फोन ठेवला, सुरा उचलला, त्याची मूठ जाईच्या हातात दिली आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"चल. तू काप. मी धरते."