दोर कुणी सोडला?

मित्रांनो, मी एक म्हातारी काळी शेळी आहे. जवळ या, पण हात मला दिसतील असे ठेवा. आमच्या नायजेरियातल्या इग्बो-ओरा गावात कुणी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, तर ती माया आहे की मटणाचा अंदाज, हे आधी तपासावे लागते. तपासत राहिले, म्हणूनच आज तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म बाजारामागच्या आंब्याखाली झाला. माझ्या पाठोपाठ भाऊ आला. तो पडल्या पडल्या उभा राहिला आणि दिसेल त्याला ढुशी देऊ लागला. मी आईच्या पायांआडून पाहत बसले. आम्हाला हे कुणी शिकवले नव्हते. भाऊ लवकर विकला गेला आणि मला अबेकेने घेतले.

अबेके कसावाचे कंद सोलून, किसून, भाजून विकायची. मी दर वेताला दोन करडे द्यायची आणि ती चारचौघींत मिरवायची, “माझी डूडू म्हणजे दुहेरी नशीब!” पुढे तिलाही जुळ्या मुली झाल्या. आमच्याकडे जुळ्यांची नावे ठरलेलीच असतात. आधी येते ती ताइवो, मागून येते ती केहिंदे. पण मोठेपणाचा मान केहिंदेचा. तिनेच म्हणे धाकटीला पुढे पाठवलेले असते, “जा, जग कसं आहे ते चाखून ये.”

ताइवो रांगू लागली ती थेट येऊन माझ्या कानाला लोंबकळली. केहिंदे उंबऱ्यावर बसून राहिली. मी बसून रवंथ करू लागले, तेव्हा ती हळूच आली आणि एका बोटाने माझ्या नाकाला शिवली. दोघींचे स्वभाव पहिल्यापासून वेगळे होते, यात शंका नाही. मला शंका यायची ती मोठ्या माणसांची. भांडे फुटले की हाक यायची, “ताइवो!” केहिंदेच्या हातात फुटक्या भांड्याचा तुकडा असला, तरी तिलाच विचारत, “ताइवोनं फोडलं ना गं?” केहिंदे तो तुकडा हळूच खाली ठेवायची.

मुली सहा वर्षांच्या असताना मुलींची आत्या मोरेनिके इबादान शहरातून राहायला आली. त्या दिवसांत माझी दोन करडे पायांत घुटमळत होती. अंगणात कसावाच्या ओल्या सालांचा ढीग पडला होता. वाळली की ती साले आमचे जेवण, पण ओली असताना विष. म्हणून आमच्या कुंपणाचे फाटक दोराने घट्ट बांधलेले असायचे.

दुपारी माणसे झोपली होती. तेवढ्यात कुणीतरी दोर सोडला. माझे धीट करडू उड्या मारत ढिगाकडे गेले. मी ओरडले, पण शेळीच्या ओरडण्याला कोण विचारतो? भित्रे करडू माझ्या पोटाखालीच राहिले आणि वाचले. धीट करडू थोड्याच वेळात पाय ताणून पडले.

“हे ताइवोचंच काम!” आत्या म्हणाली.

“मी नाही,” ताइवो म्हणाली.

“मग काय तुझी बहीण? ती पाऊल टाकायच्या आधी दहादा विचार करते. वहिनी, हिला मी इबादानला घेऊन जाते. वर्षभरात सरळ करीन.”

अबेके रडत होती, पण नाही म्हणाली नाही. ताइवो सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहत राहिली. त्या पोरीची नजर मी ओळखली. ती माझी नजर होती.

सकाळी तिचे गाठोडे दारात आले. कशालाच न घाबरणारी ताइवो माझ्या गळ्याला मिठी मारून बसली होती, सोडेना. तेव्हा केहिंदे पुढे आली.

“आत्या, दोर मी सोडला.”

आत्या हसली. “बघा, किती गुणी! बहिणीला वाचवायला खोटंसुद्धा बोलते.”

“खोटं नाही. मलाही ताइवोसारखं एकदा काहीतरी करायचं होतं. न विचारता.”

कुणाला पटेना. केहिंदे असे करूच शकत नाही, असे सगळ्यांनी तिच्या जन्माच्या दिवशीच ठरवले होते ना! शेवटी अबेकेने डोळे पुसले आणि दोराची तीच गाठ मारली. “दोघींनी सोडून दाखवा.”

ताइवोने ओढले, दात लावले, लाथ मारली. गाठ हलेना. तिला गाठ सोडायची वेळच कधी आली नव्हती, ती नेहमी कुंपणावरून उडी मारायची. केहिंदेने बोटाने गाठीचा पोटातला पदर शोधला, हळूच ओढला आणि फाटक उघडले.

आत्या एकटीच परत गेली. अबेकेने केहिंदेला एक चापट दिली. केहिंदे पहिल्यांदाच मोठ्याने, मोकळी रडली. ताइवोसमोर चवळीची गरम भजी आली. तिने विचारले, “काल का नाही दिलीस?” अबेके भजी गार होईपर्यंत लेकीजवळ बसून राहिली.

आता मला करडे होत नाहीत. दुहेरी नशीब कुणी म्हणत नाही. सणाच्या आधी माझ्या पाठीवरचे हात वाढतात आणि ताइवो ते हात झटकून टाकते.

मित्रांनो, माझा कुणावर फारसा विश्वास नाही, तरी तुम्हाला विनवते. भावंडे वेगळी असतात, ते ओळखा. पण त्यावरून गुन्हेगार ठरवू नका.

परवा अबेकेला मुलगा झाला. जुळ्यांनंतरचा म्हणून तो इदोवू. शेजारणी पाळण्याभोवती जमल्या. “इदोवू म्हणजे हट्टी. बघाच, घर डोक्यावर घेईल!”

दोघी बहिणी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. बोलली ती मात्र केहिंदे.

“काकू, तो झोपलाय. त्यानं अजून काहीच केलेलं नाही.”