शंभरपर्यंत ब्रश

दातांच्या दवाखान्यात दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टने मुलीच्या दातांना रंग लावून चूळ भरायला सांगितली. वीसपैकी चौदा दात गुलाबी राहिले. जिथे घाण, तिथे रंग. दोन दाढांवर कीड सुरू झाल्याचे पांढरे डाग होते. महिनाभरात घासणं सुधारलं नाही, तर त्या कोरून भराव्या लागणार होत्या.

"अहो, रोज शंभर मोजेपर्यंत घासते ती," बाबा तोऱ्यात म्हणाले.

"घासून दाखव बघू, राणी."

मुलगी मोठ्याने मोजू लागली. प्रत्येक आकड्याला ब्रश तोंडाबाहेर येत होता. हायजिनिस्टने कसंबसं हसू आवरलं.

"आकडे तुम्ही मोजा, बाबा. हिला नुसतं घासू दे."

"पण चाळीसवरून एकदम शंभरवर उडी मारायची नाही हं, बाबा," मुलीने दम भरला.

महिन्याने पुन्हा रंग लावला, तेव्हा तीन दात गुलाबी राहिले.