बायकांची सोय

सफरचंदांच्या तोडणीला दरवर्षी बाहेरून टोळी यायची. त्यात दोघी सख्ख्या बहिणी होत्या. थोरली तोंडाने फटकळ, सगळ्या टोळीला हसवणारी. धाकटी तिच्या मागे मागे. थोरलीला लघवीला जळजळ व्हायची. गावातल्या डॉक्टरीणबाई गोळ्या द्यायच्या आणि बजावायच्या, "भरपूर पाणी प्यायचं हं." ती मान डोलवायची.

पुढे टोळी टेकडीपलीकडे टोमॅटोच्या मळ्यांवर जायची. तिथले म्हातारे डॉक्टरही त्याच गोळ्या आणि तोच सल्ला द्यायचे. या दोघांचं आपसात जेमतेम बोलणं. बाईंच्या लेखी ते जुनाट, त्यांच्या लेखी बाई कालची पोर.

शेवटी दोघांच्याही चिठ्ठ्या ज्याच्याकडे यायच्या, त्या औषधांच्या दुकानदारानेच दोघांना फोन लावला. "अहो, पेशंट एकच आहे. एक इथून गोळ्या लिहितो, दुसरा तिथून. एकदा भेटा तरी!"

दोघं भेटले, तपासण्या केल्या. थोरलीची मूत्रपिंडं निकामी होत आली होती.

बाईंची नर्स एक दिवस टोळीबरोबर मळ्यात गेली. दुपारी परतली ती लालबुंद होऊन. "त्या दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाहीत. प्यायलं तर जायचं कुठे? संडास नाही, आडोसा नाही, शेजारच्या रांगेत पुरुष. मीसुद्धा तशीच दाबून परत आलेय."

तिथेच बसलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाणी का पीत नाहीस, एवढं विचारायचं मला सुचलं नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या.

दोघं मिळून मळेवाल्याकडे गेले. तो वैतागला, "हे काय डॉक्टरांचं काम आहे?"

"आमचंच आहे," म्हातारे म्हणाले आणि त्याच्या ओसरीवर ठाण मांडून बसले. त्याने आढेवेढे घेतले, बाईंनी आवाज चढवला. अखेर तोडणीच्या रांगांबरोबर सरकणारे, चाकांवरचे संडास आले. शेजारच्या मळेवाल्यांनीही मग लाजेकाजेस्तव तेच केलं. बायका पाणी पिऊ लागल्या, तसली दुखणी घेऊन येणाऱ्या कमी झाल्या. दोघं डॉक्टर आता आळीपाळीने मळ्यावर जाऊन पेशंट तपासू लागले.

थोरली मात्र तोवर आपल्या गावी परतली होती. तिथून डायलिसिसचं हॉस्पिटल फार लांब होतं.

पुढच्या हंगामात धाकटी एकटीच आली. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं.

"ताई?"

"गेली."

"आम्ही आधीच विचारायला हवं होतं गं."

"तिनं तुम्हाला नावं नाही ठेवली कधी," धाकटी म्हणाली. "म्हणायची, डॉक्टरीणबाई किती नीटनेटक्या, असलं घाणेरडं त्यांना कसं सांगायचं?"

एवढं बोलून ती उठली. टोळीचा टेम्पो बाहेर हॉर्न देत होता. बाई दारापर्यंत गेल्या. सगळ्यांना हसवणारी ती फटकळ बाई आपल्यासमोर लाजून गप्प बसायची, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. टेम्पो वळणाआड गेला, तरी त्या आत आल्या नाहीत.