डिशवॉशरचं ई-दोन

आर्डिथ हाल्व्हर्सनला सगळ्यात जास्त राग यायचा तो डिशवॉशरच्या दारावर लुकलुकणाऱ्या लाल 'ई-२'चा. रविवारपासून मात्र पहिला नंबर तिच्या पोटच्या पोराने पटकावला होता.

कर्टिस चर्चमधून तिच्याकडे जेवायला आला, डिशवॉशर उघडला, तळाशी तुंबलेलं गढूळ पाणी पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"आई, खरवडल्याशिवायच ताटल्या आत ढकलतेस ना? तुझ्याच्याने आता हे घर होत नाही."

"मी? खरवडल्याशिवाय?"

"गेल्या महिन्यात गॅसवर किटली विसरलीस."

"विसरले नव्हते! फोनवर तासभर तूच धरून ठेवलं होतंस!"

"तेच म्हणतोय मी. शनिवारी घरं विकणाऱ्या एक बाई येतील. नुसतं बघून जातील."

नुसतं बघून जातील म्हणे! आर्डिथच्या अंगाचा तिळपापड झाला. या गल्लीतल्या सगळ्याच बायका डिशवॉशरमध्ये घालण्याआधी भांडी धुतात, पण आर्डिथ ती घासायची. "धुतलेली भांडी धुणारी बाई," असं म्हणून तिचा नवरा मर्ल जन्मभर हसला. आणि हा शहाणा तिला खरवडायला शिकवणार!

सोमवारी तिने कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणी ऐकवल्यावर एक मुलगी बोलली.

"मॅडम, तळाची जाळी साफ करून बघा."

"अगं, त्या जाळीतून मी दूध गाळून पिईन, इतकी साफ आहे ती!"

"मग मेकॅनिक पाठवावा लागेल. पुढच्या महिन्यात चालेल?"

पुढच्या महिन्यात या घरात दुसऱ्याच कुणाची तरी ताटं असतील, असं आर्डिथच्या ओठांवर आलं होतं. तिने फोन आपटला, चष्मा लावला आणि मशीनबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. ई-२ म्हणजे पाणी बाहेर पडत नाही. एवढंच. म्हातारी कामातून गेली, असं त्यात कुठेही छापलेलं नव्हतं.

मग पाणी अडतंय कुठे? जाळीतून ते पंपात जातं, पंपातून नळीत, आणि नळीतून सिंकखालच्या ग्राइंडरमध्ये, जिथे खरकटं दळलं जातं. तिने सिंकखालचं कपाट रिकामं केलं, गुडघ्यांना शिव्या घालत जमिनीवर बसली आणि पक्कडीने नळी ग्राइंडरपासून सोडवली. नळीचं तोंड बादलीत धरून उपसा करण्याचं बटण दाबलं. भस्सकन पाणी आलं! बादली भरली, झगाही भिजला. म्हणजे पंप ठीक होता आणि नळीही मोकळी होती.

उरला ग्राइंडर. तो नवा कोरा होता. कर्टिसने मदर्स डेला भेट दिलेला, त्यानेच बसवलेला. आणि ई-२ पहिल्यांदा कधी दिसलं? मदर्स डेच्या दुसऱ्या दिवशी. भेटीवर संशय घेणं बरं दिसत नाही, म्हणून तिने आजवर तो घेतला नव्हता.

तिने ग्राइंडरची वीज बंद केली आणि नळी जिथे बसते त्या तोंडात स्क्रू ड्रायव्हर घातला. बोटभर आत जाऊन तो अडला. आत प्लास्टिकचं बूच होतं, कारखान्यातून आलेलं, जसंच्या तसं. घरी डिशवॉशर असेल तर बसवण्याआधी ते फोडून काढायचं असतं. तिने हातोडीचे दोन ठोके दिले आणि आत पडलेलं बूच वरून, सिंकच्या भोकातून, चिमट्याने बाहेर काढलं. मग नळी परत बसवून डिशवॉशर चालू केला. पाणी गडगडत निघून गेलं. लाल अक्षरंही गेली, पण राग काही जाईना.

शनिवारी त्या बाई यायच्या आधीच कर्टिस पोचला. आर्डिथने त्याच्यापुढे रूबार्ब पाय या आंबटगोड पेस्ट्रीची फोड ठेवली. ताटलीच्या कडेला ते बूच होतं.

"हे काय?"

"तुझ्या भेटीतून निघालं. डिशवॉशरचं पाणी यानेच अडवलं होतं."

कर्टिसने बूच उलटसुलट करून पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "अरे देवा. हे काढायचं राहिलंच माझ्याकडून. पण आई, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला..."

"बूच राहिलं त्याचा मला राग नाही, कर्टिस. तुझा बाप तर एकदा अख्खा पाना भिंतीत विसरला होता." तिचा आवाज कापला, आणि तो कापला म्हणून ती आणखीच चिडली. "पाणी तुंबलं तेव्हा तू सिंकखाली एकदाही वाकून पाहिलं नाहीस. वाकायचीसुद्धा गरज वाटली नाही तुला. सरळ माझ्या डोक्यात बिघाड काढलास आणि घर विकायला माणूस बोलावलास!"

इतक्यात दारावरची घंटा वाजली. कर्टिस आईकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघतोस? तू बोलावलंयस, तूच जाऊन सांग."

"काय सांगू?"

"बिघाड कुठे होता ते."

कर्टिस उठला आणि बूच हातात घेऊनच दाराकडे गेला.